तोरणाखालची झडती

सोमेश तिथं तरी टिकेल का, हा एकच प्रश्न सुकन्याच्या डोक्यात दिवसभर दळण दळत असे. पोरगा वाईट नव्हता. सुपारीच्या खांडाचं व्यसन नव्हतं, अंगावर आळस नव्हता. पण त्याच्या तोंडाला दार बसवायचं कुणीतरी विसरलं होतं. मनात आलं ते ओठांवर आणि ओठांवर आलं ते समोरच्याच्या कानात. मधे कुठं थांबा नाही.

लातूरच्या गोलाईत सुकन्याच्या नवऱ्याचं, महांतेशचं, भांड्यांचं दुकान. भांडं विकत घेतलं की त्यावर नाव कोरून द्यायचं आणि ते कोरण्याचं यंत्र सोमेशच्या हाती शाळेत असतानाच आलं, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं. एकदा निलंग्याकडचे एक मामा भाचीच्या लग्नासाठी पितळी घागर घ्यायला आले. सकाळी आले ते दुपार कलली तरी घासाघीस चालूच. घागर जड काढली तर म्हणाले महाग, हलकी काढली तर म्हणाले आवाज बद्द येतोय. चहा दोनदा झाला. शेवटी कसंबसं जमलं. मामा म्हणाले, "लिही रे बाळ, मामाकडून सप्रेम भेट." बाळानं मान डोलावली, घागर मांडीवर घेतली आणि सुरेख वळणदार अक्षरात कोरलं, 'मामाकडून कुरकुरत भेट.'

मामांचा चष्मा घरी राहिलेला. घागर रुखवतात मांडली गेली आणि अख्ख्या मांडवानं वाचली. दुसऱ्या दिवशी मामा तीच घागर डोक्यावर घेऊन गोलाईत हजर! महांतेशनं हात जोडले, दुसरी घागर पुढं केली, वर एक तांब्या फुकट. तेवढ्यात मामांच्या खिशातला फोन वाजला. नवरी होती. "मामा, माझी घागर मला परत पाठवा. रुखवतातल्या सगळ्या भांड्यांत तेवढ्या एकावरच खरं लिहिलंय."

ही गोष्ट महांतेश आल्यागेल्याला सांगायचा आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचा. सुकन्या मात्र हसता हसता मधेच गंभीर व्हायची. भांडं बदलून देता येतं. नोकरी बदलून मिळत नाही.

आणि झालंही तसंच. उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीची पदविका घेऊन सोमेश एका खासगी दूधसंकलन केंद्रावर लागला. कुणा गिऱ्हाइकानं विचारलं, "दूध कसं हाय हो तुमचं?" सोमेश म्हणाला, "छान आहे, पाण्यात लगेच मिसळतं." संध्याकाळी घरी. मग पशुखाद्य विकणाऱ्या एका कंपनीत गेला. शेतकऱ्यानं पोत्याकडे बोट दाखवून विचारलं, "ह्यानं दूध वाढंल का?" हा म्हणाला, "माझं कमिशन वाढेल. दुधाचं म्हशीला विचारा." तिथंही गाशा गुंडाळला.

तिसऱ्या खेपेला सरकारी नोकरी लागली. पशुधन पर्यवेक्षक. नेमणूक मात्र किनवट तालुक्यात, इस्लापूरच्या पुढं जंगलाकडेच्या एका छोट्या गावात. निघायच्या आधी सुकन्यानं त्याला सिद्धेश्वराच्या पायरीवर बसवलं.

"हे बघ, कायम व्हायला अजून अवकाश आहे. तोवर तोंड उघडायचं ते जेवायला."

"आणि म्हशीच्या मालकानं काय झालंय विचारलं तर?"

"तर लिहून दे."

"लिहिल्यावर काय होतं ते घागरीला विचार, आई."

तिनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तोच हात त्याच्या केसांतून फिरवला. पोरगा गेला.

तिथं त्याला शेषेराव भेटला म्हणून सुकन्याचा जीव थोडा तरी भांड्यात पडला. शेषेराव त्या दवाखान्यातला जुना शिपाई. पन्नाशीचा, अंगानं काटक, मिशा झुपकेदार. पहिल्याच दिवशी सोमेशनं डोळे मिटून एका म्हशीला सुई टोचली, म्हशीनं एकच लाथ झाडली आणि डॉक्टर शेणात. शेषेरावनं त्याला बखोटीला धरून उभं केलं, विहिरीवर नेऊन धुतलं आणि गावात कुणाला सांगितलं नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. तेव्हापासून तो रोज सोमेशसाठी घरून डबा आणी. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि असा ठेचा, की सोमेश फोनवर सांगतानाही श्वास आत ओढायचा. "आई, हा माणूस आहे तोवर मी इथं टिकतोय बघ." सुकन्या मनात म्हणायची, त्या माणसाला शंभर वर्षं आयुष्य दे रे देवा.

असं सगळं सुरळीत चाललं असताना पोळा आला.

पोळ्याच्या संध्याकाळी सोमेशचा फोन आला. त्या गावात रेंज म्हणजे पाहुणी, येते आणि पाणी प्यायच्या आत निघते. सुकन्याला ऐकू आलं ते असं:

"आई... झडती... सरपंचबाईंची... माणसं... अख्ख्या गावासमोर... शेषेरावकाकांचीपण... व्हिडिओ काढला..." आणि मग एक विचित्र हुंदक्यासारखा आवाज. फोन बंद.

लातुरात झडतीचा अर्थ एकच. पोलीस येतात, कपाट उचकतात, गादी उलटी करतात, त्याला झडती म्हणतात. सुकन्याची पुरणपोळी तव्यावरच राहिली आणि काळी झाली.

"अहो! आपल्या सोमेशची झडती घेतली! गावासमोर! पोरगं रडत होतं!"

महांतेश दुकानातून नुकताच आलेला. तो म्हणाला, "त्याच्याकडे काय सापडणार? दोन शर्ट आणि एक थर्मामीटर."

"तो थर्मामीटर तरी माणसांचा आहे का!" सुकन्या म्हणाली आणि रडू लागली.

परत फोन लावला तर बाई सांगत होती, संपर्क क्षेत्राबाहेर. मग दोघं जिना चढून वर गेले. वर गुरुबसप्पा वकील राहत. वय ऐंशीच्या घरात, वकिली सोडलेली, पण वाद घालायची हौस तशीच हिरवीगार.

"झडतीचं वॉरंट दाखवलं का?" त्यांनी आधी विचारलं.

"ते कसं कळणार आप्पा, रेंजच गेली."

"पंच होते का?"

"अख्खं गाव होतं म्हणे."

"म्हणजे पंच जास्त झाले." वकीलसाहेबांनी टेबलावर बोटं वाजवली. "पोरगा बोलला असणार काहीतरी."

"बोललाच असणार," महांतेश म्हणाला. "बोलला नसता तर मी म्हटलं असतं दुसराच कुणीतरी पकडलाय."

"मग ऐका. घटनेचं कलम एकोणीस. एकोणीस-एकमध्ये म्हटलंय, बोला. एकोणीस-दोनमध्ये म्हटलंय, जपून बोला. आणि सरकारी नोकराच्या वर्तणूक नियमांत म्हटलंय, त्यापेक्षा नकाच बोलू."

"अहो आप्पा, मग बोलायचं कुणी?" सुकन्यानं डोळे पुसत विचारलं.

"निवृत्त वकिलांनी," गुरुबसप्पा म्हणाले. "उद्या पहाटेच्या गाडीनं निघू. मी येतो."

महांतेश म्हणाला, दुकान. सुकन्यानं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं दुकानाची किल्ली खाली गड्याकडे नेऊन दिली.

लातूर ते नांदेड बसमध्ये गुरुबसप्पांनी तीन गोष्टी केल्या. खिडकीतून येणारा वारा बंद करायला लावला, शेजारच्या प्रवाशाला अब्रुनुकसानीचा कायदा समजावला आणि अहमदपूरला उतरून कांदाभजी खाल्ली. सुकन्यानं काही खाल्लं नाही. तिच्या डोळ्यांसमोर सोमेश, उलटी केलेली गादी आणि एक उभा थर्मामीटर. नांदेडहून किनवटच्या गाडीत बसले. बाहेर सोयाबीन संपून सागाची झाडं सुरू झाली तसं सुकन्यानं मनात भाषण तयार केलं. सरपंचबाईंचे पाय धरायचे. म्हणायचं, पोरगं अजाण आहे. सत्तावीस वर्षांचं आहे, पण अजाण आहे.

इस्लापूरला उतरून, रिक्षा करून ते दवाखान्यात पोचले तर सोमेश तिथं नव्हता. वाडीवर लस टोचायला गेला होता. दारात झुपकेदार मिशांचा माणूस एका गाईच्या शिंगांना लागलेला रंग घासत उभा. सुकन्यानं ओळखलं. हा शेषेराव.

"मी सोमेशची आई," ती म्हणाली. "तुमचीपण झडती झाली म्हणे हो."

शेषेरावचा चेहरा एकदम फुलला. "झाली की! लई जोरात झाली! अशी झडती ह्या गावात कुणाची झाली न्हाई, ताई!"

गुरुबसप्पा पुढं झाले.

"सापडलं काय त्यात?"

"सापडलं? समदं सापडलं!" शेषेराव मांडीवर थाप मारून म्हणाला. "सरपंचबाईची टाकी सापडली, माझा बैल सापडला, गावाची इज्जत निघाली बघा पार बाहेर!"

"बैल चोरीचा होता का?" गुरुबसप्पांनी आवाज खाली आणला.

"न्हाई ओ. मेव्हण्याचा."

"आणि पंचनामा?"

"पंच नाय, हजार माणूस होतं! माणसं तोरणाखाली लोळून हसत व्हती. पोरगं काय झडती म्हणतंय, काय झडती म्हणतंय!"

"म्हणतंय?" सुकन्या म्हणाली. "झडती म्हणतात कशी? झडती घेतात ना?"

शेषेरावच्या ध्यानात आलं आणि तो गाईच्या पाठीवर डोकं टेकून असा हसला की गाय चार पावलं पुढं सरकली.

मग उलगडा झाला. तिकडं, पैनगंगेच्या काठानं, पोळ्याला बैल तोरणाखाली उभे केले की हौशी माणसं पुढं येऊन यमक जुळवलेल्या ओळी मोठ्यानं म्हणतात. त्याला झडती म्हणायचं. कुणाचीही टोपी उडवायची, सरपंच असो की सावकार. शेवटी सगळ्यांनी हर हर महादेव म्हणायचं. ज्याच्यावर झडती झाली त्यानं रागवायचं नाही. त्या गावची रीत अशी की, जमलं तर त्यानं उलटी झडती म्हणावी, नाही जमलं तर म्हणणाऱ्याला पोळी खाऊ घालावी.

"मग फोनवर तो रडत होता ते?" सुकन्यानं विचारलं.

"हसत व्हता! पोट दुखंस्तवर हसत व्हता."

सुकन्या पायरीवर बसली. आधी तिला रडू आलं, मग हसू आलं आणि मग दोन्ही एकदमच. गुरुबसप्पा थोडे नाराज झाल्यासारखे दिसले. इतक्या लांब आणलेला एकोणीस नंबर तसाच परत न्यावा लागणार होता.

"दावतो थांबा," शेषेराव म्हणाला आणि खिशातून फोन काढला. "ह्यो व्हिडिओ माझ्या पुतण्यानं काढलाय. आमच्यात झडती तोरणाबाहेर नेत न्हाईत. पर तुम्ही त्याची आई हाव, तुम्हाला बघायला पायजे."

पडद्यावर गर्दी, गुलाल, झुली घातलेले बैल. मधे फेटा बांधलेला सोमेश. इतका रुबाबदार की सुकन्याला क्षणभर ओळखूच आला नाही. त्यानं छाती भरून घेतली.

"टाकी बांधली, लावला नळ,
नळाला तोटी, तोटीला कळ;
सरपंच म्हणती, येईल पाणी...
दोन वर्षं झाली, काढ अजून कळ!"

हर हर महादेव! गर्दी उसळली. गुरुबसप्पांनी "वा!" म्हटलं आणि लगेच सावरून म्हणाले, "टाकी शासनाची, नळ शासनाचा. टीका मात्र..." "कळीवर," महांतेशनं पूर्ण केलं.

पडद्यावर आता एक ठेंगणी, नऊवारीतली बाई ओट्यावर चढत होती. "ह्याच सरपंचबाई," शेषेराव म्हणाला. "कोंडाबाई." कोंडाबाईनं पदर खोचला, कमरेवर हात ठेवला आणि गावाकडे बघून म्हणाली:

"लातूरचा डॉक्टर, सुई भारी,
डोळे मिटून टोचतो सारी;
म्हैस राहिली उभी निवांत...
डॉक्टर पडला शेणावरी!"

ह्या वेळी महादेवाचं नाव लातूरपर्यंत ऐकू जावं असं निघालं. सोमेश पडद्यावर कान धरून उठाबशा काढत होता. सुकन्या टाळ्या वाजवायला लागली, आपण व्हिडिओला टाळ्या वाजवतोय हे विसरून.

"आता माझी," शेषेराव म्हणाला आणि मिशांना पीळ दिला. पडद्यावर सोमेश पुन्हा पुढं झाला.

"शेषेरावाच्या दारी जोडी झकास,
एक हाय घरचा, एक पाव्हणा खास;
घरचा पुसतो पाव्हण्याला,
'जेवून निघता, का मुक्कामास?'"

"माझा एक बैल लंपीच्या रोगात गेला," शेषेराव हसत हसत सांगू लागला. "तवापासून पोळ्याला मेव्हण्याचा आणतो. एकटा ढवळ्या तोरणाखाली कसा हुबा करायचा? गावाला समदं ठाव हाय. म्या डॉक्टरला तिथंच पोळी चारली. दोन चारल्या!"

तेवढ्यात सोमेशची गाडी फटफटत आली. आईबाप आणि वकील पायरीवर ओळीनं बसलेले बघून तो म्हणाला, "कोण गेलं?"

"तुझी गादी," महांतेश म्हणाला. "झडतीत उलटी झाली म्हणे."

त्या दिवशी शेषेरावच्या घरी जेवण झालं. ठेच्यानं गुरुबसप्पांची वाचा गेली, आणि ती परत येईपर्यंत घरात छान शांतता होती. निघताना सुकन्यानं शेषेरावला म्हटलं, "तो व्हिडिओ मला पाठवता का? घरी पुन्हा बघीन." त्यानं लगेच पाठवला.

परतीच्या वाटेवर सुकन्या हलकी झाली होती, पिसासारखी. दोन दिवसांत पोटात न गेलेलं सगळं तिनं नांदेडच्या बसस्टँडवर खाल्लं. बसमध्ये बसल्यावर व्हिडिओ लावला. एकदा, परत एकदा. तिचा सोमेश, ज्याच्या तोंडापायी दोन नोकऱ्या गेल्या, त्याच तोंडावर अख्खं गाव खूश! ही बातमी पोटात ठेवून लातूरपर्यंत कसं जायचं? तिनं 'गोलाई महिला मंडळ' उघडलं आणि पाठवून दिला. मग 'माहेरची मंडळी'. मग 'बी.ए. मैत्रिणी'. खाली लिहिलं, 'आमचे चिरंजीव. सगळ्यांनी पुढे पाठवा!' आणि हसणाऱ्या तोंडांची एक रांग. अहमदपूर यायच्या आत कौतुकाचा पाऊस सुरू झाला. गुरुबसप्पा घोरत होते. महांतेश म्हणाला, "आज तू पोरासारखी दिसतेयस." ती म्हणाली, "कुणाच्या पोरासारखी?" तो म्हणाला, "आपल्याच."

त्यानंतरचे दिवस सुकन्याचे फार मजेत गेले. भाजी घेताना भाजीवाली म्हणायची, "काढ अजून कळ!" आणि दोघी हसायच्या.

मग एका दुपारी सोमेशचा फोन आला. रेंज चांगली होती, आवाज मात्र नव्हता त्याचा.

"आई, मी बदलीचा अर्ज करू का?"

सुकन्या खाटेवर बसली. "काय झालं? सरपंचबाई?"

"त्या कशाला? त्यांनी नळाला पाणी आणलं. काल मला बोलावून पहिला तांब्या पाजला. पण शेषेरावकाका बोलत नाहीत माझ्याशी. कामापुरतं 'हाव डॉक्टर, न्हाई डॉक्टर'. डबा बंद झाला. मी विचारलं, काका माझं काय चुकलं? तर म्हणाले, तुमचं काय न्हाई. आणि बाहेर जाऊन बसले. आई, ते नसतील तर मी नाही राहणार इथं. पण मी बोललो काय, तेच कळेना. पोळ्याला तर त्यांनी मला मिठी मारली होती."

"अर्ज करू नको," सुकन्या म्हणाली. "आजच्या दिवस नको."

फोन ठेवला आणि ती विचार करू लागली. झडतीला तो माणूस हसला होता. तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मधे झालं काय?

संध्याकाळी कळलं. 'बी.ए. मैत्रिणी'त शिवकन्या म्हणून औशाची एक होती, तिचा फोन आला. ही शिवकन्या फोनवर आधी हसते आणि मग बोलते.

"अगं सुकन्या, तुझ्या सोमेशनं औसा गाजवलं बघ! मी तो व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर टाकला ना, तर त्यातला तो पाव्हण्या बैलाचा शेषेराव कोण निघाला माहितीय? आमच्या शेजारच्या सुनेचा बाप! समीक्षा नाव तिचं."

"अगं बाई!"

"लग्न ठरताना व्याह्यांना सांगितलेलं म्हणे, दारात बैलजोडी आहे. तेव्हा असेलही बाई. आता सासू काय सोडते होय? काल जेवताना म्हणाली, 'सूनबाई, आजची आमटी घरची का पाव्हणी?' आम्ही भिंतीपलीकडे ऐकून मेलो हसून."

"आणि ती समीक्षा?"

"ती काय बोलणार? गप्प बसते बिचारी. बापाला फोन केला तिनं, रडून. पण विनोद मात्र झक्कास हं सोमेशचा!"

सुकन्यानं हूं हूं करून फोन ठेवला.

कोंडाबाईवर झडती झाली तर तिनं पदर खोचून उत्तर दिलं होतं. शेषेराव तोरणाखाली होता म्हणून मिशा पिळून हसला, पोळी चारून मोकळा झाला. औशाच्या त्या जेवणाच्या पंगतीत मात्र ना तोरण होतं, ना शेषेराव, ना शेवटी कुणी महादेवाचं नाव घेतलं. आणि झडती तिथवर नेली कुणी? सोमेश तर गावाबाहेरही पडला नव्हता.

तिनं महांतेशला सांगितलं. महांतेश म्हणाला, "आठ दिवसांत विसरतील लोक." मग तिच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "सासू सोडून."

ती जिना चढून वर गेली. गुरुबसप्पा म्हणाले, "कायद्यानं तुझ्यावर काही येत नाही. जे म्हटलं ते खरं, बदनामीचा हेतू नाही. शिवाय पुरावा नाही. तो व्हिडिओ पुसून टाक आणि गप्प बस."

"आप्पा, तुमच्या कलमात असं काही आहे का, की एका जागी हसण्यावारी गेलेलं दुसऱ्या जागी नेऊ नये?"

वकीलसाहेबांनी छताकडे पाहिलं, मग पंख्याकडे पाहिलं. "असं नाही. पण असतं तर मला ह्या वयात बरीच कामं मिळाली असती."

सुकन्या खाली आली. आधी तिन्ही ग्रुपवर लिहिलं, 'तो व्हिडिओ कृपया कुणी पुढे पाठवू नका, माझी चूक झाली.' ताबडतोब पाचजणींनी विचारलं, 'कोणता व्हिडिओ?' आणि दोघींनी पुन्हा पाठवला. तिनं कपाळावर हात मारला. पाण्यात टाकलेली साखर परत वेचायला निघाल्यासारखं झालं होतं.

मग ती कणीक तिंबायला बसली आणि तिंबता तिंबता पुटपुटायला लागली. बोटांवर मात्रा मोजू लागली. महांतेश दारात येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"यमक. 'पास'ला काय येईल हो?"

"नापास."

"गप्प बसा."

पोळ्या झाल्या तोवर झालंच. तिनं पिठाचे हात पुसले, पदर खोचला, अगदी कोंडाबाईसारखा कमरेवर हात ठेवला आणि नवऱ्याला ऐकवलं:

"लातूरची आई, बी.ए. पास,
लेकाच्या तोंडाचा घेतला ध्यास;
तोंड धरलं घट्ट पोराचं...
बोट सुटलं थेट औशास!"

महांतेश हसला आणि हसता हसता थांबला. "हे कुणाला ऐकवणार?"

"शेषेरावभाऊंना. तुमची झडती मी तोरणाबाहेर नेली, हे आधी माझ्या तोंडून कळू दे त्यांना. सोमेशला तर पत्ताच नाही, उगाच त्याच्या माथी. मग म्हणेन, ही माझी झडती घ्या. ही कुठंही न्या, औशाला समीक्षाला पाठवा, तिच्या सासूला पाठवा. पोरीला पुढच्या खेपेला पाव्हणी आमटी विचारली की तिच्याजवळ म्हणायला काहीतरी पाहिजे ना? म्हणू दे माझ्यावर."

"गोलाईत हसतील तुला."

"हसू दे. मी इथंच आहे उत्तर द्यायला."

"आणि त्यांनी फोन घेतलाच नाही तर?"

सुकन्याचं तोंड एवढंसं झालं. हा विचार यमक जुळवताना तिच्या मनात आलाच नव्हता. माणूस मुलखाचा मानी. सोमेशशी बोलत नाही, आपल्याशी कशाला बोलेल? आणि बोलला तरी डबा परत येईल असं कुठं लिहिलंय? पलीकडे जंगल, रेंज असेल नसेल.

"नाही घेतला तर परत लावीन," ती म्हणाली. "आणि तरी नाही घेतला तर पहाटेची गाडी आहेच. पण ह्या खेपेला आप्पांना नेणार नाही."

वरून गुरुबसप्पांच्या खोकण्याचा आवाज आला. त्यांना ऐकू गेलं असावं.

सुकन्यानं गॅस बंद केला, खुर्ची खिडकीपाशी ओढली, कारण आपल्याकडची रेंज तरी पक्की असावी, आणि शेषेरावचा नंबर लावला.